अठरा नंबरची सुई

"मोजलंस का?"

हा त्यांचा नमस्कार होता. सकाळी स्टोअरच्या खिडकीशी जाऊन आपण 'गुड मॉर्निंग अंकल' म्हणावं आणि आतून हा प्रश्न यावा. मग गळ्यातल्या काळ्या दोरीला लटकणारी पोलादी चकती ते उचलायचे, शर्टाला पुसायचे आणि चष्म्याच्या वरून आपल्याकडे बघायचे. ती चकती म्हणजे तारेची जाडी मोजायचा गेज. कडेने खाचा कापलेल्या आणि प्रत्येक खाचेखाली नंबर. तार ज्या खाचेत नेमकी बसेल, तो तिचा नंबर. त्यांच्या गळ्यात क्रूसही होता, पण तो शर्टाच्या आत असे. चकती कायम बाहेर.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. आपण घाईत असतो आणि हा माणूस शांतपणे आपला कागद परत सरकवतो. पहिल्या आठवड्यात मी एका मागणीवर 'तार, अंदाजे चाळीस मीटर' असं लिहिलं होतं. कागद परत आला.

"अंदाजे म्हणजे किती, बाय?"

"चाळीसच्या आसपास, अंकल."

"आसपास कोण राहतं?"

मी कपाळावर हात मारून घेतला आणि गोडाऊनमध्ये टेप घेऊन गेले. अडतीस मीटर निघाली. ते नुसते हसले. त्या हसण्याचाच जास्त राग आला.

आमची कंपनी मस्कतजवळच्या गाला भागात. गॅरेजं, वर्कशॉपं, लोखंडी सामानाची दुकानं आणि दिवसभर कुठे ना कुठे ग्राइंडरचा आवाज. आम्ही वेल्डिंगचं सामान, तारा, बोल्ट, बेअरिंग विकतो. मी खरेदी विभागात, अंकल स्टोअरकीपर. मी देवरुखची, नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेली. ते वसईचे, तीस वर्षांपासून इथेच. त्यांचं नाव मी सांगत नाही. आडनाव नुसतं उच्चारलं तरी वसईतल्या निम्म्या लोकांना वाटेल की आपल्याबद्दलच लिहिलंय.

सहा फूट उंची, आडवा बांधा, बोटं एवढी जाड की फोनवर एक अक्षर दाबायला गेले की तीन उठायची. कंपनीतला सगळा कारभार हिंदीत आणि तुटक्या अरबीत चालायचा. मराठी आम्ही दोघंच. त्यामुळे त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणायला सुरुवात केली आणि रागवायचा हक्कही आपोआप घेतला.

एकदा मी खरोखरच चूक केली. एका ग्राहकाला जाड तार हवी होती. मला वाटलं, नंबर मोठा तितकी तार जाड. मी बिनधास्त अठरा नंबर मागवली. आली ती गजऱ्याच्या दोऱ्याएवढी. अर्बाब, म्हणजे आमचे मालक, नुसते बघत राहिले. अंकल मला स्टोअरमध्ये घेऊन गेले, आठपासून विसापर्यंत सगळ्या तारांचे तुकडे माझ्यासमोर टाकले आणि म्हणाले, "बसव खाचेत. एकेक."

मी मुकाट्याने बसवले.

"काय दिसलं?"

"नंबर वाढला की तार बारीक होते."

"उलटं असतं ते. आता मेलीस तरी विसरणार नाहीस."

नाही विसरले. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे हे लागणार आहे.

कोणाच्याही वाढदिवसाला केक कापायचं काम अंकलचं. आधी फुटपट्टीने साखरेच्या थरावर खुणा करायच्या, मग सुरी. आम्ही सगळे थट्टा करायचो, अर्बाब तर 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला-चला, करत टाळ्या वाजवायचे. पण चौदा माणसांना चौदा सारखे तुकडे मिळायचे आणि कोणी कोणाच्या बशीत डोकावायचं नाही.

रोज दुपारी सुट्टी झाली की ते बायकोला वसईला फोन लावत. तिच्याशी बोलताना त्यांची भाषा बदलायची, त्यांच्या वसईकडची व्हायची. मला निम्मी कळायची. निम्मी कळायची तीही भाजी, पाऊस, गुडघे अशीच असायची. बाई एका कॉन्व्हेंट शाळेत शिवण-विणकाम शिकवायच्या. मुलीची शाळा होईपर्यंत दोघी इथे मस्कतला होत्या. मुलगी इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकली, मग कॉलेजसाठी आईबरोबर परत गेली. अंकल इथेच राहिले. अशी घरं आमच्याकडे पुष्कळ आहेत, त्यात नवल नाही.

मग बाई आजारी पडल्या आणि चार महिन्यांत गेल्या. अंकल पोहोचले तेव्हा त्या बोलत नव्हत्या. दोन दिवस ते नुसते शेजारी बसून होते. हे त्यांनी मला परत आल्यावर एका वाक्यात सांगितलं आणि लगेच विचारलं, "त्या नवीन बोल्टांची पेटी आली, ती मोजलीस का?"

मोजली नव्हती, हे खरं होतं.

त्यानंतर महिनाभराने असेल, दुपारच्या सुट्टीत मला एक बेल्टचा नमुना हवा होता म्हणून मी स्टोअरमध्ये गेले. खिडकीत कोणी नव्हतं. आत, बेल्टांच्या मांडणीच्या मागे, केबलच्या रिकाम्या ड्रमवर अंकल बसले होते. मान खाली, ओठ हलत होते. मला वाटलं, रोझरीची माळ म्हणतायत. मी परत फिरणार इतक्यात हातातल्या सुया दिसल्या. चार सुया, त्यांच्यावर चढवलेले बारीक हिरवे टाके आणि त्यांतून वाट काढणारी ती बोटं.

"अंकल, हे काय?"

"दिसत नाही? विणतोय."

"काय विणताय?"

"पर्स." मग वर न बघता म्हणाले, "हसायचं असेल तर बाहेर जाऊन हस, आणि मग ये."

मी खरंच बाहेर गेले, पोटभर हसले, आणि परत आले. त्यांनी ड्रमवर सरकून जागा केली.

ती पर्स म्हणजे काय प्रकार होता, ते सांगायला हवं. आपल्याकडे पूर्वी कमरेला 'कसा' बांधायचे ना, पैशाची लांबट पिशवी, तिच्या जातीची. वीतभराहून थोडी लांब, रेशमी दोऱ्याची विणलेली नळी. दोन्ही टोकं बंद, मधोमध एक उभी फट. फटीतून नाणं आत टाकायचं, एका टोकाकडे सरकवायचं, आणि पर्सवर चढवलेली कडी ओढून ते टोक बंद करायचं. दोन टोकं, दोन कड्या. गंमत अशी की एक टोक गोल आणि दुसरं चौकोनी. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडातल्या बायका घरोघरी अशा पर्स विणायच्या म्हणे. गोल टोकात एका धातूची नाणी, चौकोनी टोकात दुसऱ्या. अंधारातसुद्धा बोट फिरवलं की कळायचं, कुठल्या बाजूला काय आहे ते.

बाईंच्या पणजीला हे विणकाम कॉन्व्हेंटमधल्या कोणा परदेशी सिस्टरने शिकवलं. मग ते आईकडून मुलीकडे येत राहिलं. इंग्लंडातल्या बायका हे कधीच विसरून गेल्या असतील, पण वसईतल्या एका घरात ते शिल्लक होतं. त्या घराची एक रीतही होती. मुलीच्या लग्नात आईने स्वतः विणलेली पर्स द्यायची. गोल टोकात माहेरचं नाणं, चौकोनी टोकात सासरचं. माहेरचं नाणं ठरलेलं होतं, राणीचं डोकं असलेला एक चांदीचा रुपया. तो पणजीपासून पर्सबरोबर फिरत आला होता.

बाईंनी मुलीसाठी पर्स विणायला घेतली होती. गोल टोक झालं, मधली फट झाली. तिथे त्या थांबल्या.

"दफनानंतर घरी आलो," अंकल म्हणाले, "तर पोरीने विचारलं, पपा, ममाने पर्स पुरी केली होती का? मी म्हटलं, हो. कपाटात आहे, लग्नाच्या आदल्या दिवशी देईन."

"का म्हणालात असं?"

"तोंडातून गेलं. ती रडत होती, बाय." त्यांनी एक टाका घेतला, मोजला, पुन्हा मोजला. "आयुष्यात न मोजता बोललेलं तेवढं एकच वाक्य. आता ते खरं करायला पाहिजे."

लग्न पुढच्या जानेवारीत होतं. त्यांना एवढंच हवं होतं की मुलीने पर्स हातात घेतल्यावर तिला कळू नये, आईचं कुठे संपलं आणि त्यांचं कुठे सुरू झालं. तिला सबंध पर्स आईच्या हातची मिळावी. त्यासाठी पंचावन्न वर्षांचा हा माणूस, ज्याने शर्टाचं बटणसुद्धा कधी लावलं नव्हतं, मोबाइलवर बायकांचे व्हिडिओ बघून सुलट-उलट टाके शिकत होता. मला शाळेत शिवणाच्या तासाला आमच्या शिक्षिकेने दोनदा वर्गाबाहेर काढलं होतं. त्यामुळे मदतीचा प्रश्नच नव्हता. मी फक्त रोज दुपारी डबा घेऊन तिथे बसायला लागले.

अडचण सुयांची होती. बाईंच्या सुया पर्समध्येच होत्या, पण परत येताना अंकलनी ती हातातल्या बॅगेत ठेवली आणि विमानतळावर तपासणीत सुया काढून घेतल्या. टाके मोकळे सुटले असते. तपासणीवाल्या बाईला विणकाम येत होतं म्हणून बरं. तिने स्वतःच एका दोऱ्यात ते सगळे टाके ओवून दिले आणि म्हणाली, सुया नवीन घ्या काका, नियम आहे. अंकलना तिच्याबद्दल फार आदर. "हात बघायला पाहिजे होतास तू. एक टाका पडू दिला नाही."

बाईंच्या वहीत सगळं लिहून ठेवलेलं होतं. आईच्या वहीवरून उतरवलेलं, आईने आजीच्या, आणि मूळ सिस्टरच्या कुठल्या तरी इंग्रजी पुस्तकावरून. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, सुई नंबर १८. अंकल मस्कतमधल्या एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, अठरा म्हणजे एक पॉइंट आठ मिलिमीटर. अंकलनी आपल्या व्हर्नियरने सुई मोजली, बरोबर एक पॉइंट आठ भरली, आणि खूश होऊन घेऊन आले.

आणि विणलेलं सैल पडायला लागलं. बाईंचं विणकाम घट्ट, एकसारखं, आणि त्याच्यापुढे यांचं असं फुगलेलं. अंकलनी उसवलं, पुन्हा विणलं. पुन्हा तसंच. आपलाच हात सैल आहे म्हणून त्यांनी दोरा इतका ओढून धरला की बोटाला चर पडला. तरी फुगायचंच. तिसऱ्यांदा उसवताना रेशीम विस्कटायला लागलं. सहा फुटी माणूस ड्रमवर बसून हिरव्या दोऱ्याचा गुंता सोडवतोय आणि डोळे पुसतोय, हे मला बघवेना. मी दुसरीकडे बघायचं म्हणून समोर पडलेली त्यांची चकती उचलली आणि उगाच फिरवत बसले. दहा, बारा, चौदा, सोळा, अठरा.

"अंकल," मी म्हटलं, "वहीतलं अठरा म्हणजे हे अठरा तर नसेल?"

ते थांबले.

"म्हणजे बघा हं, मला विणकामातलं शून्य कळतं. पण तुम्हीच सांगितलंत ना, उलटं असतं ते. त्या काळात सुया तरी कशाच्या असणार? तारेच्याच ना?"

त्यांनी चकती माझ्या हातातून घेतली. अठराच्या खाचेकडे बघितलं, दुकानातल्या सुईकडे बघितलं. सुई त्या खाचेत शिरायचं नावच घेईना. मग म्हणाले, "तीस वर्षं गळ्यात घालून फिरतोय मी ही. आणि दुकानात जाऊन विचारलं कोणाला? बटणं विकणाऱ्याला." पुढे त्यांनी वसईच्या भाषेत स्वतःला जे काही सुनावलं ते मला पुरतं कळलं नाही, पण सूर लक्षात आला.

मग ते उठले आणि स्वतःच्याच मांडणीतून स्टेनलेसचा वेल्डिंगचा एक बारीक रॉड काढून आणला. अठराच्या खाचेत चपखल बसला. त्याचे चार तुकडे केले, टोकं ग्राइंडरवर धरली, मग पॉलिश पेपरने अर्धा तास घासत राहिले. गालावर फिरवून बघितलं, कुठे बोचतं का. आणि हे सगळं झाल्यावर स्टोअरची चिठ्ठी फाडून माझ्यापुढे ठेवली. रॉड, नग एक. कोणासाठी, स्वतः. कशासाठी, पर्स.

"सही कर."

"अंकल, एका रॉडसाठी?"

"स्टोअर आहे हे, बाय. घर नाही."

मी सही केली. त्या सुयांवर पहिले चार फेरे झाले आणि आम्ही दोघांनी ते उजेडात धरले. फुगवटा गेला होता. अंकलनी दर इंचाला टाके मोजले, बायकोच्या बाजूचे आणि आपल्या बाजूचे. सारखे निघाले. त्या दिवशी ते जेवताना दोनदा हसले, मी मोजलं.

पण आता दोरा पुरेना. उसवण्यात बराच वाया गेला होता. तो हिरवा रंग मस्कतमधल्या एकाही दुकानात जुळेना. कोणी तरी सांगितलं, इब्राला बुधवारी बायकांचा बाजार भरतो, तिथे मिळेल. ओमानी पुरुष डोक्यावर भरतकाम केलेली कुम्मा टोपी घालतात ना, त्या टोप्या बायका घरी बसून भरतात, त्यांचं रेशीम तिथे येतं. इब्रा दोन तासांच्या वाटेवर आणि तिथे आमचा एक ग्राहकही होता, तेव्हा जाणं जमण्यासारखं होतं. फक्त त्या बाजारात पुरुषांना जाता येत नाही.

अंकलनी दोन दिवस मला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले, "बाय, बुधवारी मोकळी आहेस का?" त्यांना कोणाकडे काही मागायची सवय नव्हती. मान काढताना खिडकीच्या चौकटीवर डोकं आपटलं, ते वेगळंच.

बाजाराच्या तोंडाशी गाडीतून उतरताना त्यांनी मला वेल्डिंग रॉडचा एक रिकामा डबा दिला. आत मऊ कापडात पर्स, सुयांसकट. पाच मिनिटं सूचना. दोरा उन्हात धरून बघ. ओला करून बघ. जाडी मोज. चकतीसुद्धा गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. मी म्हटलं, "अंकल, मी परीक्षेला नाही चाललेय." तर म्हणाले, "जा आता, यल्ला." आणि रस्त्यापलीकडे चहाच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले, बसले नाहीत.

आत नुसत्या बायका. कापडं, अत्तरं, सुरमा, लहान मुलांचे कपडे, आणि सगळ्यांचा एकदम बोलण्याचा आवाज. रेशमाच्या लडी घेऊन बसलेल्या एका म्हातारीसमोर मी डबा उघडला. तिच्या चेहऱ्यावर त्या भागातला तो कडक काळा मुखवटा होता, त्यातून फक्त डोळे दिसत होते. माझी अरबी गोडाऊनपुरती. मी दोऱ्याचं टोक दाखवून म्हटलं, असं. ती दोऱ्याकडे बघेचना. तिने पर्स उचलली, गोल टोकापासून अंगठा फिरवत आणला, फटीच्या पुढे जरासा गेला आणि थांबला. पुन्हा मागे नेला, पुन्हा तिथेच थांबवला. मग माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली.

"इस्नेन," ती म्हणाली. दोघींनी केलंय.

मी मान डोलावली. दोघींनी नव्हे, एक बाई आणि एक बुवा, हे सांगण्याइतकी अरबी मला येत नव्हती. तिने पिशवीतून एक लड काढली, उन्हात नेली, दोऱ्याशेजारी धरली. तोच हिरवा. मी मोजायचं विसरून गेले.

रस्ता ओलांडून गेले तर अंकल तिथेच उभे, कपाळावर घाम. "जुळला?"

"जुळला."

"ती काय म्हणाली? विणलेलं बघून?"

मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "छान आहे म्हणाली."

"मोजलंस का, जाडी?"

"मोजली," मी म्हटलं. एका मिनिटात दोन खोटी वाक्यं. मला त्यांचं वाईट वाटत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. पण ती दोन बोटं मी सांगितली असती तर त्यांनी गाडीतच सगळं उसवलं असतं.

नोव्हेंबरच्या शेवटी पर्स पूर्ण झाली. चौकोनी टोकाचे कोपरे वहीत दिल्याप्रमाणे काटेकोर. कड्या त्यांनी यंत्रातल्या पितळी नळीच्या, म्हणजे जुन्या बुशच्या, तुकड्यातून कापून, घासून केल्या. मग मला बोलावलं. "डोळे मीट. बोट फिरव. कळलं तर सांग."

मी डोळे मिटले, बोट फिरवलं. मला काहीही कळलं नाही, आणि हे मी अगदी खरं सांगते. मला शाळेतही कळत नव्हतं.

"नाही कळत, अंकल."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "गेजवर बरोबर आहे. इंचाला टाके बरोबर आहेत. मग कळायचं काही कारण नाही." दोनदा म्हणाले असं. दुसऱ्या वेळी माझ्याशी बोलत नव्हते.

डिसेंबरात ते कायमचे गेले. तीस वर्षांचा हिशोब मिटवून, व्हिसा खलास करून. निरोपाचा केक त्यांनीच कापला, फुटपट्टीने. पर्स या वेळी मोठ्या बॅगेत गेली. सुया त्यांनी स्टोअरला परत जमा केल्या, तुकडे चार, वापरलेले, आणि मला पुन्हा सही करायला लावली. जाताना चकती काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, अहो ही तुमची आहे. तर म्हणाले, "तिकडे काय मोजू? नारळ?"

त्यांच्या जागी आलेला माणूस चांगला आहे. कॉम्प्युटरवर सगळं झटपट काढतो. परवा मी विचारलं, किती कॉइल शिल्लक आहेत, तर म्हणाला, अंदाजे वीस. मी आत जाऊन मोजून आले.

जानेवारीत, लग्नानंतर तीन दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आधीच ते बोलायला लागले.

"बाय, कळलं तिला."

मी डबा बाजूला सारला.

"आदल्या दिवशी दिली. तिने घेतली, अंगठा फिरवला, मध्ये आल्यावर थांबली. म्हणाली, पपा, इथून तुम्ही आहात ना? तुमची साइड टाइट आहे."

"मग?"

"मग काय, रडली. मीपण. तिला म्हटलं, मी खोटं बोललो होतो. ती म्हणाली, बरं झालं कळलं. मला ममा कुठपर्यंत आहे ते कळलं."

मी म्हटलं, "अंकल, इब्रातल्या त्या म्हातारीलाही कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"का नाही सांगितलंस?"

"तुम्ही उसवलं असतं."

"उसवलं असतं," ते म्हणाले. "मग लग्नापर्यंत झालीच नसती."

मी विचारलं, रुपया टाकला का. म्हणाले, टाकला, पण चुकीच्या टोकात. माहेरचं नाणं गोल टोकात जातं, आईच्या बाजूला. मुलीने राणीचा रुपया चौकोनी टोकात सरकवला आणि कडी ओढून घेतली. अंकलनी सांगितलं, बाय, ती बाजू सासरची. तर आपल्या अडखळत्या मराठीत ती म्हणाली, "ममाचा रुपया तुमच्या साइडला राहू दे, पपा. तिथून पडणार नाही."

माझ्या टेबलावर चकती होती. मी ती उगाच हातात घेतली. मग जरा थट्टेच्या सुरात विचारलं, "आणि तुमची बाजू टाइट आहे म्हणाली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? मोजलंस का?"

पलीकडे कोणी तरी जेवायला हाक मारत होतं.

"विसरलो, बाय," ते म्हणाले.